चॉकलेटचे गाव आणि दाराबाहेरचा कुत्रा

तृतीय वर्ष, कला

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार प्रवास केलेल्याला असतो. मत मांडण्याचा मात्र कोणालाही असतो. निदान आपल्या वादविवाद मंडळाच्या बैठकींत तरी हाच नियम चालत आलेला आहे. त्याच नियमाच्या आधारे, अमेरिकेच्या भूमीवर अद्याप पाऊल न ठेवलेला प्रस्तुत लेखक अमेरिकेतल्या एका सहलीविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे. फिरत्या घरात बसायचे, पाळलेला कुत्रा बरोबर घ्यायचा आणि चॉकलेटच्या गावाला जायचे, अशी ती सहल. विषय ऐकून प्राध्यापक मंडळींच्या भुवया वर जातील हे ठाऊक आहे. परंतु या पोरकट वाटणाऱ्या सहलीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो पोरकट नाही. आपण ज्याला घरातला म्हणतो त्याला बरोबर नेतो म्हणजे नेमके काय करतो, हा तो प्रश्न.

प्रथम त्या फिरत्या घराविषयी. इंग्रजीत त्याला ‘मोटारहोम’ म्हणतात. आपल्याकडच्या लक्झरी बसएवढे किंवा मिनिबसएवढे वाहन. आत झोपायची जागा, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर आणि संडास. पाण्याच्या टाक्या तीन: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी धुण्याभांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी जिचे नाव न घेतलेले बरे. ती तिसरी टाकी ठरावीक ठिकाणी नेऊन स्वतःच्या हातांनी रिकामी करावी लागते. अमेरिकेचे वैभव सांगताना परदेशी जाऊन आलेले पाहुणे हा तपशील हटकून गाळतात! एका गॅलनला आठदहा मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला जेमतेम चार किलोमीटर, एवढीच त्याची चाल. तरीही १९६० नंतरच्या काळात ही वाहने तिकडे लोकप्रिय झाली. त्याचे एक कारण म्हणजे कुत्रे. विमानात कुत्र्याची अडचण, हॉटेलात कुत्र्याची कुरकुर. स्वतःचे घरच चाकांवर घातले की कोणाची परवानगी मागायला नको. असा तो विचार आहे, आणि पहिल्या शंभर मैलांपर्यंत तो बरोबरही आहे.

आता ते गाव. पेन्सिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे गाव आहे. मिल्टन हर्शी हा त्याचा निर्माता. १८५७ साली त्याच परिसरात जन्मलेला हा गृहस्थ आधी फिलाडेल्फियात गोळ्याबिस्किटांच्या धंद्यात बुडाला, मग न्यूयॉर्कला जाऊन तिथेही बुडाला. शेवटी लँकेस्टर गावी कॅरमेलच्या वड्यांनी त्याला हात दिला. १९०० साली तो कॅरमेलचा कारखाना त्याने दहा लाख डॉलरना विकला आणि गाईगुरांच्या, दुधदुभत्याच्या आपल्या मुलखात येऊन १९०३ मध्ये चॉकलेटच्या कारखान्याचा पाया घातला. कारखान्याभोवती गाव वसवले. गावातल्या रस्त्यांची नावे चॉकलेट अव्हेन्यू आणि कोको अव्हेन्यू. रस्त्यावरच्या दिव्यांचा आकारही चांदीच्या कागदातल्या त्या टोकदार चॉकलेटच्या थेंबासारखा. स्वतःला मूलबाळ नव्हते म्हणून या नवराबायकोने १९०९ साली अनाथ मुलांसाठी शाळा काढली, आणि पत्नीच्या निधनानंतर १९१८ साली हर्शीने आपली बहुतेक संपत्ती त्या शाळेच्या नावे करून टाकली. गोडाचा धंदा करणारा प्रत्येक जण असा निघत नाही. (त्याच गावात १९३७ साली कामगारांचा संप लाठ्याकाठ्यांनी मोडला गेला, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.)

कामगारांना विरंगुळा हवा म्हणून १९०६ साली तिथे एक बाग सुरू झाली. झाडांखाली बसावे, बँड ऐकावा, होडीत बसावे, शिदोरी सोडावी. तिला दार असे नव्हते. पुढे पाळणे आले, झुलत्या गाड्या आल्या, आणि १९७१ पासून सगळ्या बागेला मिळून एकच प्रवेशमूल्य झाले. १९७३ साली ‘चॉकलेट वर्ल्ड’ उघडले, कारण खरा कारखाना पाहायला येणारी गर्दी त्या कारखान्याला झेपेनाशी झाली होती. तिथे लोक एका सरकत्या गाडीत बसतात, गाणाऱ्या यांत्रिक गाई पाहतात आणि कोकोच्या बीपासून वडी कशी होते ते शिकतात. गावातला मूळ कारखाना २०१२ साली बंद पडला. कृत्रिम कारखाना मात्र जोरात चालू आहे! बागेत मुलांची उंची मोजण्याच्या पट्टीलाही मिठायांची नावे दिलेली आहेत: अमुक मिठाईएवढा उंच असशील तर अमुक पाळण्यात बस. एवढे सारे गोड, आणि या गोड बागेच्या दारावर नियम असा की, अपंगांना मदत करणारे शिकवलेले कुत्रे सोडले तर इतर कुत्र्यांना आत प्रवेश नाही.

आणि येथेच आमच्या घराचा संबंध येतो. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तिथून हर्शी मोटारने अडीच-तीन तासांच्या रस्त्यावर. गेल्या उन्हाळ्यात त्याने एक फिरते घर भाड्याने घेतले आणि बायको, दोन मुले, सातारहून सहा महिन्यांसाठी गेलेली माझी मावशी आणि ‘लाडू’ नावाचा बीगल जातीचा कुत्रा, अशी सगळी वरात चॉकलेटच्या गावाला निघाली. मुलांचा हट्ट असा की लाडू नसेल तर आम्ही येत नाही. हट्ट पुरवला गेला. दाराशी पोहोचल्यावर जे व्हायचे ते झाले. आता कुत्र्यापाशी कोण थांबणार? सुनेने मुलांना सांभाळायचे, मुलाने तिकिटे काढलेली. सर्वांची नजर आपोआप मावशीकडे वळली. मावशी म्हणाली, “जा बाबा तुम्ही, माझे गुडघे दुखतात.”

मावशीचे गुडघे दुखतात हे खरेच आहे. पण याच गुडघ्यांनी ती सज्जनगड चढून आलेली मी पाहिली आहे, आणि ‘गुडघे दुखतात’ या वाक्याचा आपल्याकडच्या बायकांच्या तोंडी काय अर्थ असतो ते वाचकांना सांगायला नको. तेव्हा ती त्या फिरत्या घरात सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत लाडूसह बसून राहिली. तिकडून फोन आला तेव्हा मी विचारले, “मावशी, चॉकलेटचे गाव कसे आहे?” ती म्हणाली, “वास चांगला येतो रे.”

या उत्तरावर आम्ही घरी खूप हसलो. हसून झाल्यावर मात्र वाटले की ज्याच्या नावाने एवढा थाट केला तो कुत्रा आणि जिला मुद्दाम सातासमुद्रांपलीकडे बोलावले ती आई, हे दोघे दाराबाहेर, आणि आतून येणारे फोटो पाहून सगळे नातेवाईक म्हणणार, “सर्वांना घेऊन गेलात, वा!” हा हिशेब कुठेतरी चुकतो आहे.

कोणी म्हणेल, हा त्या बागेचा दोष. मला तसे वाटत नाही. बागेचा नियम योग्यच आहे. हजारो माणसांची गर्दी, तापलेले डांबर, पाळण्यांचा खडखडाट, किंचाळणारी मुले. यात कुत्र्याला नेणे म्हणजे त्याचा छळ आहे. शिवाय त्या बागेत जमिनीवर जे सांडते ते कुत्र्याला विष आहे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नावाचे द्रव्य असते. माणसाचे शरीर ते काही तासांत निकालात काढते. कुत्र्याच्या शरीरात ते फार हळू उतरते आणि तोवर उलट्या, हृदयाची धडधड, जास्त झाल्यास झटके असा प्रकार होतो. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला शंभरेक ग्रॅम दुधाळ चॉकलेटने त्रास सुरू होऊ शकतो; केकमध्ये घालायचे बिनसाखरेचे कडू चॉकलेट असेल तर पंधरा ग्रॅमही पुरतात. बिनसाखरेच्या गोळ्यांत व च्युइंगगममध्ये झायलिटॉल घालतात, ते तर याहून वाईट: कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात खाली कोसळू शकते आणि यकृतही निकामी होऊ शकते. आणि बीगल ही जात कशी? नाक जमिनीला आणि तोंड उघडे! संध्याकाळी मुले पिशव्या भरभरून चॉकलेट घेऊन त्या एवढ्याशा घरात परतली तेव्हा मावशीने काय केले असेल? सगळ्या पिशव्या वरच्या फडताळात कोंबून कडी लावली. तिला थिओब्रोमिन हा शब्द ठाऊक नाही, पण तिच्या नातवाने सांगितलेले ‘लाडूला चॉकलेट द्यायचे नाही’ हे एक वाक्य तिने चोख पाळले. बाकीच्या शिकलेल्या मंडळींच्या खिशांत काय होते ते संध्याकाळी सतरंजी झटकताना कळले.

दुसरा धोका उन्हाचा. बाहेर हवा छान आहे, बावीस अंश आहे, असे म्हणून लोक गाडी बंद करून जातात. बंद मोटारीत तासाभरात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासातच चढतो. खिडकीची फट ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकणे एवढाच त्याचा उपाय. फिरत्या घरात थंड हवेचे यंत्र असते हे खरे. पण ते चालते तळावरच्या विजेवर, आणि एका वेळी फार उपकरणे लावली की तिथलाही खटका आपल्या वसतिगृहातल्यासारखाच पडतो. खटका पडला की यंत्र बंद, काचा बंद, आणि धनी मैलभर दूर पाळण्यात उलटा लटकलेला! मावसभावाच्या याच प्रवासात वाटेवरच्या एका तळावर भर दुपारी वीज गेली होती. मावशी आत होती म्हणून तिने दार उघडले, कुत्र्याला झाडाखाली नेले आणि त्याच्या पंजांवर पाणी घातले. ती ‘गुडघे न दुखणारी’ असती तर काय झाले असते, याचा विचार तिच्या मुलाने केला असेल अशी माझी समजूत आहे. निदान त्या दिवसानंतर तो तिच्याशी जरा हळू आवाजात बोलतो, असे ती सांगते.

तेव्हा दोष बागेचा नाही, तळाचाही फारसा नाही. दोष आहे बेत आखण्यात. ‘कुत्र्यांचे स्वागत आहे’ अशी जाहिरात फिरत्या घरांचे मालक करतात, तळवाले करतात. ही मैत्री दारापर्यंतची असते. त्या तीन शब्दांचा खरा अर्थ एवढाच की कुत्र्याचे भाडे वेगळे पडेल, त्याला साखळीत ठेवावे लागेल आणि तुम्ही ज्या कामासाठी आलात ते काम होईपर्यंत त्याने कुठे राहायचे ते तुमचे तुम्ही बघा. प्रेम आपले, सोय आपली, फोटो आपले; आणि थांबायचे त्याने. बरे, तो तक्रारही करीत नाही. दार उघडले की शेपटी हलवतो, आणि त्या शेपटीला आपण संमती समजतो.

संस्कृतच्या विद्यार्थ्यांना येथे महाप्रस्थानिक पर्व आठवल्यावाचून राहणार नाही. भावंडे आणि द्रौपदी वाटेत पडली. धर्मराजाबरोबर उरला तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गात कुत्र्यांना जागा नाही. धर्मराज म्हणाला, मग मीही येत नाही. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म होता या शेवटावर खूश होतो. मला त्या शेवटापेक्षा त्याच्या आधीचा क्षण मोठा वाटतो. कुत्रा कोण आहे हे धर्मराजाला ठाऊक नव्हते. त्याने इंद्राशी नियमाबद्दल वाद घातला खरा, पण एक गोष्ट सुचवली नाही: ‘याला जरा रथात बसवून ठेवू, मी आत जाऊन लगेच येतो.’ आजचा धर्मराज नेमके हेच सुचवतो. शिवाय रथाला थंड हवेचे यंत्र आहे असेही सांगतो.

इंग्रजी विभागातील मित्र म्हणतील, स्टाइनबेकचे काय? योग्य आठवण. १९६० च्या सप्टेंबरात जॉन स्टाइनबेक आपला चार्ली हा म्हातारा फ्रेंच पूडल घेऊन मालमोटारीवर बांधलेल्या खोलीतून अमेरिका पाहायला निघाला. वाहनाला त्याने डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनांतेचे, नाव दिले होते; ते आजही कॅलिफोर्नियात सलिनास येथे त्याच्या नावाच्या संग्रहालयात उभे आहे. सुमारे दहा हजार मैलांचा हा प्रवास १९६२ साली पुस्तकरूपाने आला आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. हे पुस्तक वाचताना लक्षात येते ते हे की चार्ली हा सामान नाही. चार्लीला मोकळे व्हायचे असते म्हणून गाडी थांबते, आणि गाडी थांबते म्हणून परकी माणसे बोलायला येतात. नायगाऱ्यापाशी कॅनडाच्या हद्दीवर कळते की चार्लीच्या लसीचा दाखला नसल्यामुळे परत येताना अडचण होईल, तर स्टाइनबेक कॅनडाचा बेतच रद्द करतो. यलोस्टोनमध्ये अस्वले पाहून चार्ली पिसाळल्यासारखा भुंकू लागतो, तर ते जगप्रसिद्ध उद्यान सोडून तो मागे वळतो. चार्ली आजारी पडतो तेव्हा सगळा प्रवासच त्याच्या दुखण्याच्या तालावर चालतो. पुढे २०१० च्या सुमारास एका पत्रकाराने तोच मार्ग पालथा घालून दाखवून दिले की स्टाइनबेकने पुष्कळ रात्री गाडीत न काढता हॉटेलांत काढल्या होत्या आणि बऱ्याच वाटेवर पत्नीही सोबत होती. त्यामुळे पुस्तकातल्या प्रत्येक संभाषणावर विश्वास ठेवायचे कारण नाही. परंतु कुत्र्याला बरोबर घ्यायचे तर मुक्कामाचे ठिकाण कुत्र्यासाठी बदलावे लागते, हे त्यातले शहाणपण त्या पत्रकाराला खोटे ठरवता आलेले नाही.

आपल्याकडे हे सगळे कशाला, असेही कोणी विचारील. आपल्या रेल्वेत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाची वातानुकूलित खोली पूर्ण घ्यावी लागते, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत घालावे लागते. त्या पेटीतला कुत्रा निदान आपण सहलीला चाललो आहोत अशा भ्रमात नसतो, आणि त्याचा धनीही नसतो. परंतु दिवस बदलत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पुण्यामुंबईच्या सदनिकांत कुत्रे वाढले आहेत. उद्या कोकणच्या रस्त्यावर अशी फिरती घरे दिसू लागतील, त्यांवरही ‘कुत्र्यांचे स्वागत आहे’ अशी पाटी असेल आणि मे महिन्याच्या उन्हात एखाद्या जलक्रीडा उद्यानाच्या वाहनतळावर ती ओळीने उभी राहतील. हर्शीचा उन्हाळा आपल्या मेसमोर काहीच नाही. तेव्हा विचार आताच केलेला बरा.

कुत्रा घरी ठेवला तर झुरतो, ही हरकत खरी आहे. पण तो झुरतो माणसांसाठी, पाळण्यांसाठी नव्हे. ओळखीच्या शेजाऱ्याकडे, ओळखीच्या अंगणात दोन दिवस राहिलेला कुत्रा चार वेळा दाराकडे पाहील आणि जेवील. हर्शी काय आणि हिंगणघाट काय, त्याला सारखेच. त्याला हवी असते वास घ्यायला जागा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला आपले माणूस. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. चॉकलेटच्या गावाला जायचे असेल तर खुशाल जावे, मुलांना पाळण्यांत बसवावे, आईलाही गाणाऱ्या गाई दाखवाव्यात, आणि कुत्र्याला घरी कोणाच्या तरी हवाली करून जावे. आणि कुत्र्यालाच न्यायचे असेल तर गाव बदलावे. हर्शीपासून मोटारने तासाभराच्या आत सस्क्वेहॅना नदी आहे, आणि डंकॅनन गावापाशी ती ओलांडून जाणारी अ‍ॅपलाचियन पायवाट आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत दोन हजारांहून अधिक मैल जाणाऱ्या या वाटेवर थोडे टापू सोडले तर कुत्र्यांना मज्जाव नाही. साखळी मात्र पुष्कळ ठिकाणी हातात धरावी लागते.

मावसभावाला मी हे सगळे लिहून कळवले. त्याचे उत्तर आले की पुढच्या वर्षी विचार करू. मावशीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला आहे: त्या नदीकाठी बसायला बाकडी आहेत का?